दवाचा अंतरपाट : धरणगाव ते भादली

चौथीत असताना शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी बालकवींच्या कवितेतली फुलराणी झाले होते. हिरव्या क्रेप कागदाचा झगा, डोक्याला पुठ्ठ्याच्या पाकळ्या, आणि झग्याच्या टाचण्या पाठीत टोचत असतानाही हसायचं. 'हिरवे हिरवेगार गालिचे'पासून 'साध्या भोळ्या फुलराणीला'पर्यंत बाईंनी बसवून घेतलं होतं. तिथं पडदा. कविता पुढे बरीच मोठी आहे हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. संध्याकाळचा वारा येऊन तिला चिडवतो, तो रविकर आवडला का गं, म्हणून विचारतो. ती लाजते. आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच तिचं थाटात लग्न लागतं. म्हणजे मी अर्धीच फुलराणी होते.

यंदा श्रावणात भाचीच्या साखरपुड्याला जळगावला गेले. कार्यक्रम आटोपल्यावर दोन दिवस हाताशी होते. पाहुण्यांनी पाटणादेवी, अजिंठा, सगळं सुचवून पाहिलं. मी म्हटलं, मला धरणगावला जायचंय. "तिथं काय आहे?" या प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं.

सुरतेकडे जाणारी पॅसेंजर पकडली. पाळधी गेलं आणि दोन्ही बाजूंना काळी जमीन पसरली. कपाशी कमरेला लागलेली, मधे मुगाचे पट्टे, मका. हिरवं खूप आहे, पण सपाट. डोंगर नाही, दरी नाही, 'दरीदरी घुमवित' येणारा निर्झर तर नाहीच. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे बालकवी, १३ ऑगस्ट १८९० ला ज्या गावी जन्मले ते इतकं साधं असेल असं वाटलं नव्हतं. कोकणात जन्मलेल्या कवीला निसर्ग अंगणातच मिळतो. खानदेशात वर्षातले आठ महिने जमीन भाजून निघते, भेगाळते. मग श्रावणात चार सरी पडल्या की सगळं एका आठवड्यात हिरवं होतं आणि पोळ्यानंतर उन्हाला पुन्हा धार चढते. 'क्षणात येते सरसर शिरवे, क्षणात फिरुनी ऊन पडे' ही ओळ मी पुण्यात पाठ केली तेव्हा ती मला सुंदर वाटायची. इथं खिडकीत बसून ती जरा घाईची वाटली. पाहून घ्या, लगेच जाणार आहे, असं सांगणारी.

नेमका तो कानबाईचा सोमवार होता. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघरी कानबाई देवी बसते, रोट होतात, रात्रभर गाणी चालतात आणि सोमवारी सकाळी विसर्जन. स्टेशनातून गावात शिरले तर रस्ता बायकांनी भरलेला. डोक्यावर चौरंग, पुढे वाजंत्री, मधेच थांबून फुगडी. परकर-पोलक्यातल्या दोन पोरी गरगर फिरत होत्या. त्यांच्याच वयाची, पण पहिल्यांदा साडी नेसलेली एक मुलगी कडेला उभी राहून निऱ्या सावरत बघत होती. तिला दोघींनी ओढलं. ती "नको गं" म्हणाली, आईकडे बघितलं, आणि गेली नाही.

एका म्हाताऱ्या बाईंनी मला हटकलं, "कथा जाई राह्यनात ताई?" मी सांगितलं, बालकवींचं गाव बघायला आलेय. त्या हसल्या. "हाईच ते गाव. बघा." आणि हातावर रोटाचा तुकडा ठेवून पुढे गेल्या.

बघण्यासारखं काय होतं म्हणाल, तर फारसं काही नाही. वडील पोलीस खात्यात, त्यामुळे ठोंबऱ्यांचं बिऱ्हाड खानदेशभर फिरलं. कुठल्या एका उंबऱ्यावर बोट ठेवून 'इथं लिहिली' असं म्हणता येत नाही. गावाबाहेर ओढ्यापर्यंत चालत गेले. गढूळ पाणी, काठावर बाभळी, प्लॅस्टिक, आणि खरंच एक उंबर. पाण्यात पाय टाकून मात्र बसलेला नव्हता. पाण्यापासून दहा हात लांब, कोरडा उभा. त्याच्या मुळावर बसून मी मोबाईलवर 'औदुंबर' काढली. आठ ओळींची कविता. हिरवाळी, निळासावळा झरा, चार घरांचं चिमुकलं गाव, शेतमळे, पांढरी पायवाट. आणि ती पायवाट कुठे जाते? 'काळ्या डोहाकडे'. लहानपणी आम्ही या कवितेचं चित्र काढायचो तेव्हा डोह निळा रंगवायचो. बाई काही बोलायच्या नाहीत.

माझी तक्रार इथंच आहे. १९०७ साली जळगावात पहिलं कविसंमेलन भरलं. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. जेमतेम सोळा-सतरा वर्षांच्या ठोंबऱ्यांच्या कविता ऐकून त्यांनी त्याला 'बालकवी' ही पदवी दिली. कौतुकानंच दिली. पण ती अशी चिकटली की त्याला पुढे मोठं व्हायची परवानगीच राहिली नाही. कवी रेव्हरंड टिळकांनी त्याला अहमदनगरला आपल्या घरी नेलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात तो घरच्या हट्टी मुलासारखा वावरतो, आणि ती पानं वाचताना आपणही त्याला मूलच समजू लागतो. पण याच मुलानं पडक्या धर्मशाळेच्या कौलावर बसलेला खिन्न पारवा लिहिला. 'कोठुनि येते मला कळेना उदासीनता ही हृदयाला' हेही त्याचंच. आम्ही आनंदी आनंद गडे तेवढं प्रार्थनेला घेतलं, आणि उदासीनता एम.ए.च्या अभ्यासक्रमाला लावून टाकली!

आणि फुलराणी तरी काय? शेवटी दवाचा अंतरपाट फिटतो आणि रविकर फुलराणीला भेटतो, असं तो म्हणतो. दव आणि ऊन! ज्याच्याशी लग्न लागतं त्याच्या नुसत्या येण्यानंच तो अंतरपाट वाळून जातो. रात्रभर जे पाकळ्यांवर होतं ते आता नाही, आणि ते परत आणता येणार नाही. सगळी सृष्टी 'सावध' म्हणतेय, सनई वाजतेय, म्हणून आपलं लक्ष जात नाही. आदल्या दिवशी भाचीच्या साखरपुड्यात मलाही सनईच ऐकू आली होती. ती माझ्या शेजारी येऊन हळूच "आत्या, पाय दुखतायत" म्हणाली, तेव्हा मी तिला नीट बस म्हणून सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून भादलीला निघाले. वाटेत आसोदा लागतं, बहिणाबाई चौधरींचं माहेर. बहिणाबाई १८८० च्या, म्हणजे ठोंबऱ्यांहून दहा वर्षांनी मोठ्या. दोघांची गावं एकाच जिल्ह्यातली, कपाशी तीच, पाऊसही तोच. ही १९५१ पर्यंत जगली, जात्यावर ओव्या रचत राहिली, आणि तिचं पुस्तक ती गेल्यावर निघालं. तिच्या कवितेत झाड दिसलं की त्याच्यामागे कामही दिसतं. ठोंबऱ्यांच्या कवितेत कुणी काम करत नाही, हे मला रिक्षात बसल्यावर जाणवलं. शेतमळे आहेत, शेतकरी नाही. मूल शेताकडे असंच बघतं. ही उणीव म्हणायची की हाच त्याचा सगळा जीव, मला अजून ठरवता आलेलं नाही.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळी सुरू झाल्या. तापी जवळ आल्याची खूण.

भादली हे जळगाव आणि भुसावळच्या मधलं छोटं स्टेशन. बड्या गाड्या न थांबता धुरळा उडवून जातात. ५ मे १९१८ ला इथंच रेल्वे अपघातात ठोंबरे गेले. सगळे अठ्ठावीस वर्षं म्हणतात. मी फलाटावरच्या बाकावर बसून बोटांवर मोजलं, अठ्ठावीस पुरे व्हायला तीन महिने बाकी होते. मे महिना. म्हणजे खानदेशातलं ते ऊन, हिरवं काही शिल्लक नसताना. मी मात्र श्रावणात आले होते आणि एक सर नुकतीच पडून गेली होती, त्यामुळे कितीही प्रयत्न केला तरी ती दुपार डोळ्यांपुढे येईना.

फलाटाच्या टोकाला उतार संपतो तिथून खडीतून एक पायवाट रुळांपलीकडे गेलेली. पायांनी मळून पांढरी पडलेली, किंचित तिरकी, थेट केळीच्या बागेत शिरणारी. मी तिच्याकडे निघाले एवढं मला आठवतं. डबा घेऊन बसलेल्या एका गँगमननं हाक मारली, "ओ ताई, पुलावरून जा."

"इकडून सगळे जातात ना?"

"सगळे जातात. तुम्ही पुलावरून जा."

गेले. वर पोचेपर्यंत भुसावळकडून मालगाडी आली. कठड्याला धरून मी लहानपणी मोजायचो तसे डबे मोजायला लागले. चाळिसाच्या पुढे कुठंतरी चुकले.