कम्फर्टचा दगड

रविवार, रात्री साडेदहा

टेक्सासमधलं कम्फर्ट हे गाव सॅन अँटोनियोहून तासाभरावर. इतकी वर्षं हायवेवरून नुसतं पुढे जात होतो. आज लेकाच्या हट्टापायी तिथलं अमेरिकन यादवी युद्धातल्या मृतांचं स्मारक बघायला वळलो. तो शाळेत जर्मन शिकतोय. मला खरं तर फ्रेडरिक्सबर्गचे पीच आणायचे होते.

स्मारक म्हणजे चुनखडीचा साधा खांब, 1866 चा. 'ट्रॉय डेर उनिऑन', म्हणजे संघराज्याशी निष्ठा. शेजारी तेव्हाचा 36 ताऱ्यांचा अमेरिकी झेंडा, अर्ध्यावर. चिरंजीव ऐटीत वाचत होते. एका बाजूला 'नुएसेसकाठी पडले, 10 ऑगस्ट 1862'. दुसऱ्या बाजूला आला आणि थबकला. "बाबा, इथे 'पडले' नाहीये. 'पकडून खून केले' असं लिहिलंय."

मेक्सिकोकडे निघालेली साठ-पासष्ट माणसं, बहुतेक जर्मन. नुएसेस नदीकाठी मुक्काम पडला असताना कॉन्फेडरेट, म्हणजे संघराज्यातून फुटलेल्या दक्षिणेच्या, सैनिकांनी पहाटेच्या अंधारात गाठलं. 19 जण लढताना गेले. मागे राहिलेल्या नऊ जखमींना नंतर गोळ्या घातल्या. प्रेतं तशीच उघड्यावर. हाडं गोळा करायला घरच्यांना 1865 उजाडलं. आणि त्यानंतर वर्षभरातच, आजूबाजूला सगळे हरलेले शेजारी असताना, यांनी 'खून' हा शब्द दगडात कोरून घेतला!

गुलामगिरीचा मात्र त्या दगडावर उल्लेखही नाही. तिथे मी जरा अडलो. 1854 साली सॅन अँटोनियोत जर्मन गायनमंडळांच्या मेळ्याच्या वेळी सभा भरली, तीत गुलामगिरी वाईट आहे असा ठराव झाला. संपादक अडॉल्फ डुआय आपल्या 'सॅन अँटोनियो त्साइटुंग' या वृत्तपत्रातून तेच लिहीत राहिला. पण खुद्द जर्मनांतलेच कित्येक घाबरले: कशाला उगाच शेजाऱ्यांशी वाकडं? 1856 मध्ये डुआयला टेक्सास सोडावं लागलं. काही जर्मनांकडे तर स्वतःचेच गुलाम होते. म्हणजे सरसकट 'जर्मन म्हणजे गुलामगिरीविरोधी' हे मला पटत नाही. कुणाला ती मनापासून नकोशी होती, कुणाला फक्त कॉन्फेडरेट सैन्यातली सक्तीची भरती टाळायची होती; खांबावर सगळे एकाच रांगेत.

खांबावरची नावं वाचत लेकाने विचारलं, "हे डेगेनर दोन कसे?" ह्यूगो आणि हिलमार, सख्खे भाऊ. वडील एडुआर्ड पुढे, 1870 मध्ये, टेक्सासतर्फे काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, बसले.

परतताना गाडीत तो गप्पच होता. पीच राहिलेच.