आधी वार बघा, मग लोकल पकडा

मुंबईत संग्रहालयं बघायची तर तिकिटाआधी वार बघावा लागतो. सोमवारी बरीचशी बंद. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद, शेजारची राणीची बागही बुधवारीच. बेस्टचं, म्हणजे मुंबईच्या बससेवेचं, 'आणिक' नावाच्या बस आगारातलं संग्रहालय सोमवार-मंगळवार बंद. सीएसएमटीच्या इमारतीतलं रेल्वेचं शनिवार-रविवार बंद, म्हणजे नोकरदाराने रजाच टाकायची. हा सगळा तक्ता केला माझ्या भाचीने. तिची बारावी झाली होती आणि पुढे इतिहास घ्यावा की नाही यावरून घरात रोज दोन तट पडायचे. तिने मला गाठलं. "मामा, सल्ले पुरे झाले. वस्तू दाखव."

आम्ही डोंबिवलीचे. त्यामुळे मुंबईत काहीही करायचं म्हणजे तास-सव्वा तास लोकलमध्ये हे गृहीतच. सकाळची गर्दी टाळून निघायचं आणि संध्याकाळची गर्दी सुरू व्हायच्या आत परतायचं. यात हातात उरतात चार-साडेचार तास. एका दिवशी दोन संग्रहालयं उरकायचा बेत मी कुणालाच सुचवणार नाही. दुसऱ्या ठिकाणी डोळे उघडे असतात, पण काही दिसत नाही.

सुरुवात अर्थातच फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयापासून. माझ्या आईच्या तोंडी ते अजून 'प्रिन्स ऑफ वेल्स'च आहे. ते मोजके राष्ट्रीय सण सोडले तर रोज उघडं असतं, हा मोठाच दिलासा. कोनशिला 1905 ची, इमारत वास्तुविशारद जॉर्ज विटेटची, पण पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी इस्पितळ होतं, त्यामुळे संग्रहालय म्हणून दारं उघडायला 1922 उजाडलं. टाटा बंधूंनी, म्हणजे सर रतन आणि सर दोराबजी यांनी जमवलेल्या वस्तू इथे आहेत, सिंधमधल्या मीरपूरखासच्या स्तूपातली भाजक्या मातीची बुद्धशिल्पं आहेत, पार असीरियाच्या राजवाड्यातले कोरीव दगड आहेत. थोर आहे, वाद नाही. पण पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत भाची गप्प झाली. मी विचारलं तर म्हणाली, "हे सगळं कुणातरी श्रीमंत माणसाच्या घरातलं वाटतंय." मला तेव्हा ते उद्धट वाटलं. नंतरच्या फेऱ्यांमध्ये मात्र आम्ही दोघंही प्रत्येक ठिकाणी हेच विचारायला लागलो: हे जपलं कुणी, आणि कुणासाठी?

भायखळ्याला त्याचं निराळंच उत्तर मिळतं. हे संग्रहालय 1872 मध्ये उघडलं ते व्हिक्टोरिया आणि अल्बर्टच्या नावाने, पण त्यासाठी वर्गणी उभी करणाऱ्यांत जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी होते. भाऊ दाजींचं नाव लागायला 1975 साल यावं लागलं. आतल्या हिरव्या-सोनेरी खांबांचे फोटो सगळेच काढतात. मी म्हणेन, मातीच्या छोट्या बाहुल्यांपाशी थांबा. त्या काळच्या मुंबईतल्या जातीजमाती, धंदे, पोशाख, एकेकाचं पागोटं वेगळं. भाचीने त्यातला एक माणूस निवडला आणि त्याच्या पगडीचे पेच वहीत काढत बसली. बाहेरच्या आवारात दगडी हत्ती आहे, घारापुरीचा. ज्याच्यामुळे पोर्तुगिजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं, तोच. 1864 मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, उचलताना साखळदंड तुटले आणि हत्तीचे तुकडे झाले. नंतर ते जोडून इथे उभे केले. सांधे नीट बघितले तर दिसतात. आतल्या कुठल्याही काचेच्या कपाटापेक्षा हा फुटका हत्ती जास्त बोलतो असं माझं मत झालं.

मणिभवन, राजगृह ही दोन ठिकाणं वेगळ्या जातीची. तिथे माणूस राहत होता. गावदेवीच्या मणिभवनात गांधीजी 1917 ते 1934 या काळात मुंबईत आले की उतरत. दादरच्या हिंदू कॉलनीतलं राजगृह बाबासाहेबांनी बांधलं ते स्वतःसाठी जितकं तितकंच पुस्तकांसाठी. दोन्हीकडे आवाज आपोआप खाली येतो. एवढंच लिहितो, कारण तिथे जे वाटतं ते प्रत्येकाने आपापलं बघावं.

खरा मुक्काम पडला तो आणिक आगारात. सायनहून बस, आगाराच्या फाटकावर नोंद, मग उभ्या बसगाड्यांच्या बाजूने आत. पर्यटक असे कुणी दिसले नाहीत. आणि इथे भाचीची जी गाडी सुटली! ट्रामच्या प्रतिकृती, जुन्या बसच्या प्रतिकृती, तिकिटांचे नमुने. घोड्यांची ट्राम 9 मे 1874 ला सुरू झाली. कुलाबा ते पायधुणी भाडं तीन आणे आणि सुरुवातीला तिकीटच नव्हतं. फुकटे वाढले तेव्हा तिकिटं आली. विजेवरची ट्राम 1907 ची, पहिली बस 15 जुलै 1926 ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट धावली. शेवटची ट्राम 31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली.

कंडक्टरची तिकीटपेटी तिने पहिल्यांदाच एवढ्या जवळून पाहिली. पत्र्याची, लांबट, दरानुसार वेगळ्या रंगाच्या गड्ड्या, प्रत्येक गड्डी स्प्रिंगने घट्ट. पंचने पेटीवर टकटक करत "पुढे चला, पुढे चला" म्हणणारा कंडक्टर मी तिला तिथल्या तिथे करून दाखवला. तिथले कर्मचारी हसले आणि माझ्या टकटकीची लय चुकतेय असं सांगून त्यांनी बोटांनी टेबलावर बरोबर लय वाजवली. ती काही कुठल्या पाटीवर लिहिलेली नाही.

एका ठिकाणी, नाव घेत नाही, सगळ्या पाट्या फक्त इंग्रजीत होत्या आणि निम्म्या उन्हाने पांढऱ्या पडलेल्या. शाळेची सहल आली होती, बाई स्वतःच्या अंदाजाने मुलांना सांगत होत्या. एका मुलाने तिथली सुरई "गुलाबजामची बरणी" ठरवून टाकली आणि त्याला कुणी अडवलं नाही.

मालाडहून मार्वे जेटी आणि तिथून तरीने मनोरी, ही फेरी सगळ्यात लांबची. तिथे ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती समाजाने आपलं संग्रहालय थाटलंय, मोबाई भवन. यामागे ना राजा, ना शेठ, ना महापालिका. लुगडी, स्वयंपाकघरातली भांडी, घरगुती वापराच्या जिनसा. त्यांची बोली मराठीच, पण कान दोन मिनिटं मागे राहतो. लग्नातला 'उंबराचं पाणी' हा विधी काय असतो ते तिथे समजलं. जायच्या आधी फोन करून उघडं आहे का ते विचारून घ्या. ही फुकटची सूचना नाही, तरीचं भाडं आणि अख्खा दिवस वाचवणारी आहे.

भाचीने इतिहासच घेतला. घरातला दुसरा तट अजून नाराज आहे. ह्यूजेस रोडच्या खरेघाट कॉलनीतलं पारशी समाजाचं अल्पाईवाला संग्रहालय बाकी आहे आणि सीएसएमटीचं रेल्वेचंही. दुसऱ्यासाठी मला रजा टाकावी लागणार, आणि साहेबांना कारण काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.