चिकन कटलेट आणि चमचाभर इसबगोल

60 ग्रॅमचं कटलेट थापायचं आणि तव्यावरून उतरवलं की काट्यावर ते 43 भरायचं. शनिवार-रविवारी मी चिकन खिम्याच्या कटलेटच्या ऑर्डरी घेते. गरम असताना ठीक, पण डब्यात तासभर राहिली की खाली पाणी आणि वर कोरडा भुगा.

आधी पावाचा चुरा वाढवला. पाणी धरलं, पण चव पावाची. सासूबाई म्हणाल्या, "डाळ्याचं कूट घाल की!" बांधणी मस्त झाली, पण घास घशाशी बसायला लागला.

इसबगोल सुचलं ते औषधांच्या डब्यामुळे. पाण्यात टाकल्यावर कसं फुगतं ते रोज रात्री पाहत होतेच. सासूबाईंना मात्र बरेच दिवस सांगितलं नाही.

पहिला घाणा फसला. किलोभर खिम्यावर 3 मोठे चमचे कोरडंच भुरभुरलं. जिथं पडलं तिथलंच पाणी ओढून गुठळ्या झाल्या, चावताना बुळबुळीत. आठवडाभर घरीच संपवत बसलो.

आता खिम्यात आधी फक्त मीठ घालून हाताला चिकटेपर्यंत मळते. मिठानं मांसातलं प्रथिन सुटतं, खरी पकड त्याचीच. दुसरीकडे 10 ग्रॅम इसबगोल 100 मिली थंड पाण्यात भिजवते. दहा मिनिटांत कपड्यांना घालतो तशी खळ होते. ती खिम्यात, मग आलं-लसूण, मिरची आणि घट्ट पिळलेला कांदा. अर्धा तास फ्रीजमध्ये, मग थापायचं. शिजताना प्रथिनं आकसून पाणी बाहेर ढकलतात, ते या चिकट तंतूंत अडकून राहतं. 60 ग्रॅममागे आता 51-52 उरतात.

एक भानगड झाली. कटलेट मऊच राहतं, त्यामुळे दाबून बघायची जुनी खूण चालेना. शेवटी थर्मामीटर आणला. मधोमध 74 अंश दिसल्याशिवाय उतरवत नाही.

नवरा म्हणतो, "पाणी विकतेस." म्हणून किलोमागे नगांची संख्या वाढवलेली नाही. तेवढ्याच खिम्याची तेवढीच कटलेटं, खळीचं वजन वरचं.

ऑर्डर घेताना इसबगोल आहे हे सांगतेच. शेजारच्या इमारतीतले आजोबा फोनवर क्षणभर गप्प झाले. म्हणाले, "मग सहा नको, डझनभर द्या. सकाळचंही काम होईल."