तुम्ही विचारलंत म्हणून: बिअर करताना थर्मामीटर हातातून का सुटत नाही?

मी घरीच बिअर करते. अमेरिकेतल्या डेन्व्हरला माझ्या घरी आलेले पाहुणे हमखास विचारतात, "एवढं काय त्यात? इडलीचं पीठ आंबतंच की आपोआप!" दुसरा प्रश्न ठरलेला: "मागच्या वेळची छान होती, ही पातळ का लागते?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यातच आहे.

इडलीचं पीठ चार अंश इकडेतिकडे चालवून घेतं. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, तसं नाही. भरडलेलं माल्ट गरम पाण्यात तासभर मुरतं, तेव्हा त्यातली एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात. ६२-६५ अंश सेल्सिअसला होणारी साखर यीस्ट जवळजवळ सगळी खातं, बिअर कोरडी आणि पातळ होते. ६८-७० ला यीस्टला न पचणारा भाग जास्त उरतो आणि बिअरला अंग, म्हणजे तोंडात जाणवणारा दाटपणा, येतं. सगळा खेळ या पाचसात अंशांचा.

आता ती पातळ बिअर. नवा तबकडीचा थर्मामीटर आणला होता, मागे नट असलेला. उकळत्या पाण्यात धरला तर काटा ९५ वर थांबला. यंत्र चुकीचं आहे असं समजून मी नट फिरवून काटा १०० वर आणला. यंत्र बरोबर होतं. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून १,६०० मीटरवर आहे, इथे पाणी ९५ च्या आसपासच उकळतं. शाळेत शिकलेली गोष्ट ऐन वेळी आठवली नाही. त्या क्षणापासून प्रत्येक आकडा पाच अंशांनी खोटा झाला. मॅश, म्हणजे गरम पाण्यात मुरणारं माल्ट, ६७ ला आहे असं मी समजत होते, तो ६२ ला होता. १९ अंश बघून यीस्ट टाकलं ते प्रत्यक्षात १४ ला, म्हणून दोन दिवस फर्मेंटर, म्हणजे आंबवायचं भांडं, ढिम्म. साखर किती उरली ते घनतेवरून दाखवणारा हायड्रोमीटर १.०५० वरून १.०१४ ला थांबायला हवा होता, तो १.००६ पर्यंत उतरला. म्हणजे अल्कोहोल पावणेपाच टक्क्यांऐवजी पावणेसहा. "हलकी लागते पण चढते" असं जे म्हणत होते, त्यांचं अगदी बरोबर होतं. मी मात्र सलग तीन बॅच माल्टला, यीस्टला, पाण्याला दोष देत राहिले. हायड्रोमीटरसुद्धा बदलला. थर्मामीटरवर संशय आला नाही, कारण तो मीच 'दुरुस्त' केला होता. याचं अजून वाईट वाटतं.

म्हणून सांगते, थर्मामीटर बर्फात तपासा. ग्लासभर बारीक बर्फ, बर्फ जेमतेम बुडेल इतकंच पाणी, ढवळून दोन मिनिटं थांबा. काटा शून्यावर हवा. शून्य डेन्व्हरलाही शून्य आणि मुंबईलाही.

पाणी किती तापवायचं, याचाही हिशेब आहे. १९ लिटर बिअरसाठी साडेचार किलो माल्टला साडेतेरा लिटर पाणी, म्हणजे किलोला तीन लिटर. माल्ट २० अंशांवर असेल आणि मॅश ६७ ला हवा असेल तर पाणी ७३.४. तेच माल्ट हिवाळ्यात गॅरेजमध्ये राहून ५ अंशांवर आलं असेल तर ७५.५. म्हणून आधी माल्टचं तापमान घ्या. मॅश ज्यात ठेवतात त्या कूलरमध्ये, म्हणजे उष्णता धरून ठेवणाऱ्या डब्यात, आधी दहा मिनिटं गरम पाणी ठेवून ओतून द्या, नाहीतर त्याच्या भिंतीच दोनेक अंश खातात.

मॅशमधून गाळलेलं गोड पाणी म्हणजे वर्ट, ते उकळायचं. उकळी फुटताना वर्ट दुधासारखं ऊतू जातं, तिथून हलू नका. झाकण ठेवू नका. इथे उकळी कमी तापमानाची, त्यामुळे हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालायच्या कडू फुलांचा, कडवटपणा कमी उतरतो; मी थोडे जास्त घालते.

गार करण्यात लोक सर्वांत जास्त घाई करतात. तांब्याच्या १५ मीटर नळीचं वेटोळं उकळीच्या शेवटच्या १५ मिनिटांत आत सोडा, तिथेच ते निर्जंतुक होतं. मग त्यातून नळाचं पाणी सोडून वेटोळं हळूहळू हलवत राहा, नाहीतर त्याच्या भोवतीचंच वर्ट गार होतं. उन्हाळ्यात सुरुवातीलाच बर्फ वापरू नका, वाया जातो. नळाच्या पाण्याने ३५ पर्यंत आणा, बर्फ त्याच्यापुढे. १८ ला आल्यावर यीस्ट टाका, कारण आंबताना ते स्वतःच तापमान दोनचार अंश वर नेतं.

"मग पुण्यात करू का?" नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय दारू बनवता येत नाही, त्यात बिअरही आली. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरच्या वापरापुरती मोकळीक दिली, दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन.

पूर्वी मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगायचे, मॅशचा एक अंश चुकला की बिअर गेली. आता तसं म्हणवत नाही. यीस्ट २५ अंशांवर तापलं तर चवीचं जे नुकसान होतं, त्यापुढे मॅशमधला एक अंश किरकोळ वाटतो. पण मग तो एक अंश सोडून देऊ का? तेही जमत नाही. कूलरच्या मध्यभागी ६८ असतं तेव्हा कडेला ६६ असतं. खरं तापमान कुठलं? ढवळते, तीन जागी मोजते आणि तिन्ही आकडे वहीत लिहिते.