रात्रपाळीतला कादंबरीकार

वोल्फगांग होल्बाइन या जर्मन लेखकाचा जन्म 1953 साली वायमार येथे झाला, म्हणजे ग्योटे आणि शिलर या जर्मन अभिजात साहित्यिकांच्या गावी. मात्र त्याने जी वाट धरली ती अभिजात साहित्याची नव्हती. व्यापारी कारकुनीचे शिक्षण घेतलेल्या या माणसाने काही काळ रात्रीचा पहारेकरी म्हणून नोकरी केली आणि त्या निवांत तासांत कथा लिहिल्या.

व्हिएन्नाच्या युबररॉयटर प्रकाशनाने घेतलेल्या स्पर्धेत त्याने पत्नी हाइके हिच्यासह लिहिलेली ‘मेअर्शनमोंड’ ही कादंबरी पहिली आली आणि त्याचे दिवस पालटले. शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर न आलेल्या धाकट्या बहिणीला परत आणण्यासाठी किम नावाचा मुलगा स्वप्नभूमीत उतरतो, आणि तोही आपल्या कल्पनेतल्या अवकाशयानातून! परीकथेच्या राज्यात हे यान घुसवण्याचे धाडस मला आजही लोभस वाटते.

पुढे ‘रॉबर्ट क्रेव्हन’ या टोपणनावाने त्याने वृत्तपत्रविक्रेत्यांकडे मिळणाऱ्या स्वस्त भयकथा-पुस्तिकांसाठी ‘हेक्सर’ मालिका लिहिली. रहस्य, थरार, भय असे सारे हाताळत दोनशेहून अधिक पुस्तके लिहिणाऱ्या लेखकाचे सगळेच लेखन सारख्या तोलामोलाचे असणे शक्य नाही, आणि तसे ते नाहीही. तरीही 1986 च्या ‘हागेन फॉन ट्रोन्ये’मध्ये निबेलुंग या मध्ययुगीन जर्मन महाकाव्यातील खलनायकाच्या, म्हणजे नायक सिगफ्रीडचा मारेकरी असलेल्या हागेनच्या नजरेतून ती जुनी कथा सांगताना त्याने जो संयम दाखवला, तो त्याला निव्वळ भरमसाट लिहिणारा ठरवणाऱ्यांनी एकदा वाचून पाहावा.