फोनही बदलला आणि कंपनीही

द्राक्ष निर्यातीत नव्याने उतरलेले तरुण भेटले, की बोलणे दर आणि कंटेनर यांवरून हमखास माझ्या फोनकडे वळते. ‘काका, इतकी वर्षे तुमचा एकच फोन आणि एकाच कंपनीचे सिम होते, मग युरोपात ईमेल पाहता यावी म्हणून दोन्ही एकदम का बदललेत? रोमिंगचा पॅक टाकून भागले नसते का?’ तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून सविस्तर लिहितो. पॅकने भागले नसते, एवढे सुरुवातीलाच सांगतो.

आधी ईमेलच का, हे सांगायला हवे, कारण ‘आता सगळे व्हॉट्सॲपवर होते’ असे कोणीतरी म्हणतेच. बोलणे आणि घासाघीस तिथे होते, हे खरे. परंतु न्हावा शेवाहून गेलेला कंटेनर नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला उघडला आणि आयातदाराला मणीगळ किंवा कूज दिसली, की तपासणीचा अहवाल आणि त्यावरचा भरपाईचा क्लेम ईमेलने येतो. आपला आक्षेपही ईमेलनेच नोंदवलेला बरा, कारण पुढे वाद वाढला तर तारीख-वेळेसह तोच पुरावा हाताशी असतो. अशा अहवालाला जोडलेली छायाचित्रे चांगलीच जड असतात. ब्लॅकबेरी फोनांच्या काळात ईमेल त्या कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवरून हलकी करून पाठवली जात असे, त्यामुळे २जीच्या संथ नेटवरही काम निभावत होते. ‘ईमेलला नेट ते कितीसे लागणार’ हा आमच्या पिढीचा हिशेब तेव्हाचा आहे. त्या जुन्या फोनांची सेवा ४ जानेवारी २०२२ रोजी बंद झाली. हिशेब मात्र अनेकांच्या डोक्यात तसाच आहे.

आता फोनाबद्दल. माझा आधीचा फोन भारतात घेतलेला आणि इथे उत्तम चालणारा होता. ४जीच्या लहरी वेगवेगळ्या बँडमध्ये, म्हणजे वारंवारतेच्या पट्ट्यांत, विभागलेल्या असतात आणि फोन कोणते बँड पकडू शकतो, हे तो कोणत्या देशासाठी तयार झाला आहे त्यावर ठरते. भारतात ३, ५, ८, ४० हे बँड सर्रास वापरात आहेत. युरोपात ३ आणि ७ यांच्या जोडीला २० क्रमांकाचा, म्हणजे ८०० मेगाहर्ट्‌झचा बँड फार महत्त्वाचा असतो, कारण कमी वारंवारतेच्या लहरी लांबवर पोहोचतात आणि भिंतींमधूनही बऱ्यापैकी आत शिरतात. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक फोनांत हा बँड नसतो, तसा माझ्याही फोनात नव्हता. रॉटरडॅमच्या मध्यवस्तीत त्याने काहीच फरक पडत नसे. पण आपल्या मालाची गोदामे जिथे आहेत त्या बारेंड्रेख्तसारख्या भागात इमारतीत शिरताच फोन २जीवर घसरत असे, कारण तिथल्या बहुतेक कंपन्यांनी अलीकडच्या वर्षांत ३जी गुंडाळले आहे आणि मधली पायरीच उरलेली नाही. २जीवर ईमेलचा विषय दिसतो, जोडलेली फाइल मात्र नुसती फिरत राहते. शीतगृहाच्या आत तर सहसा कोणताच फोन नीट चालत नाही, कारण तिथल्या भिंती धातूचे पत्रे लावलेल्या पॅनेलच्या असतात; तिथे गोदामाचे वायफाय मागून घ्यावे. तेव्हा फोन घेताना कॅमेऱ्याआधी बँडची यादी वाचावी, आणि आपल्या नेमक्या मॉडेल क्रमांकाची वाचावी, कारण एकाच नावाचा फोन निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या बँडसह विकला जातो.

कंपनी बदलण्याचे कारण वेगळे होते, पण त्याआधी रोमिंगचे सांगतो. रोमिंगवर असताना आपला डेटा सहसा मूळ कंपनीच्या जाळ्यातून वळसा घालून येतो. म्हणजे शेजारच्या कार्यालयातून पाठवलेली फाइल आधी भारतात जाते आणि मग आपल्या हातातल्या फोनवर उतरते. (चीनमध्ये हाच वळसा पथ्यावर पडतो, जीमेल तिथे बंद असते, पण भारतीय सिमच्या रोमिंगवर ती बहुधा उघडते.) म्हणून युरोपात डेटासाठी तिथलेच सिम घेतलेले मला बरे वाटते. युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून रोमिंगचे वेगळे पैसे लागत नसल्याने डच सिम जर्मनीतही काही मर्यादेपर्यंत त्याच दरात चालते. ब्रिटन आता त्या नियमाबाहेर आहे आणि स्वित्झर्लंड त्यात कधीच नव्हते, तेव्हा लंडनच्या व्यापाऱ्यांकडे जाणार असाल तर सिम घेतानाच विचारून घ्यावे.

मग भारतीय सिम हवे कशाला? ओटीपीसाठी. नव्या देशातून ईमेल उघडली की खात्री पटवण्यासाठी येणारा संदेश आणि बँकेचे ओटीपी याच क्रमांकावर येतात. माझ्या जुन्या कंपनीच्या योजनेत महागडा पॅक चालू असल्याखेरीज परदेशात साधा एसएमएसही येत नसे. ती सोडण्याचे खरे कारण हेच. नवी कंपनी निवडताना ‘पॅक न घेता रोमिंग सुरू ठेवता येते का आणि येणारे एसएमएस मोफत मिळतात का’ एवढेच विचारले. भारतीय क्रमांक मी मुद्दाम प्रत्यक्ष सिमवर ठेवला आहे आणि परदेशी डेटा ई-सिमवर, म्हणजे फोनातच बसवलेल्या, काढता न येणाऱ्या सिमवर, कारण फोन बिघडला तर प्रत्यक्ष सिम काढून दुसऱ्या फोनात घालता येते. भारतीय सिमचे डेटा रोमिंग बंद ठेवावे, आणि बॅटरी वाचवण्याच्या सोयीतून ईमेलचे ॲप वगळावे, नाही तर ईमेल येऊनही ती तासाभराने कळते.

क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलायला फारसे कष्ट नाहीत. १९०० वर एसएमएस केला की कोड येतो, महाराष्ट्रात तो चार दिवस चालतो, आणि सर्कल (दूरसंचार विभाग) तेच असेल तर पुढचे काम साधारणतः तीन कामाच्या दिवसांत होते. अडचण त्यानंतर येते. नवे सिम घातले की यूपीआयची ॲप पुन्हा जोडावी लागतात, त्यासाठी त्याच सिमवरून एसएमएस जावा लागतो, आणि हे परदेशात बसून करणे कटकटीचे होते. बर्लिनचे फ्रूट लॉजिस्टिका हे फळांच्या व्यापाराचे प्रदर्शन फेब्रुवारीत भरते, म्हणून सिम बदलायचे असेल तर ते दिवाळीनंतर लगेच, द्राक्षांची तोडणी सुरू होण्याआधीच बदलून घ्या.