तारखेआधी शनिवार येतो तेव्हा

फॅमिली कोर्टातल्या त्या फायलिंगच्या टेबलाचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितेय.

मुलाच्या ताब्याच्या केसमधला आमचा अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा, आदेश असा होता: मुलगा माझ्याकडे, दर शनिवारी रात्रीच्या मुक्कामाला वडिलांकडे. एका रविवारी परतल्यावर तो जेवताना सहज बोलून गेला, की बाबा पिऊन झोपले होते, उठल्यावर बाइकवरून फिरायला नेलं आणि आम्ही पडलो. कोपर सोललेलं होतं. त्याच संध्याकाळी डॉक्टरांना दाखवलं, जखम कशी झाली तेही केसपेपरवर लिहून घेतलं. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळ घालून वहीत उतरवले. त्याला पुन्हा बोलायला लावून व्हिडिओ करायचा मोह होतो. करू नका. मूल पढवलेलं आहे, असं म्हणायला समोरचा वकील मोकळा होतो.

मुक्काम थांबवण्यासाठी वकिलांनी अर्ज आणि प्रतिज्ञापत्र लगेच तयार केलं. मग टेबल.

क्लार्कनं कागद न उघडताच सांगितलं, "मॅडम, तारीख पुढच्या महिन्यात आहे, तेव्हा द्या." मी म्हटलं, अर्जंट आहे. "सगळेच अर्जंट म्हणतात." मग म्हणे, दुसऱ्या बाजूला प्रत दिल्याची पोच आणा. पोच आणली, तर मॅटर आज बोर्डावर, म्हणजे आजच्या केसेसच्या यादीत, नाही, जज मॅडमची परवानगी लागेल. परवानगी मागायची वकिलांनी, आणि आमचे वकील दुसऱ्याच कोर्टात उभे. तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली. सुट्टीनंतर टेबलावर दुसराच माणूस. त्याला सगळं पहिल्यापासून सांगा!

पॅसेजमधल्या एका वयस्कर वकीलबाईंनी, ओळख ना पाळख, मला जवळ बसवलं. "अर्जाचा पहिला परिच्छेद वाच बरं." त्यात आमच्या लग्नाची तारीख होती. पुढे मानपान, सासूबाई, जुनी भांडणं. मुलगा पडल्याचं पार पाचव्या पानावर. त्या म्हणाल्या, "पुढच्या तारखेपर्यंत थांबलं तर काय बिघडेल, एवढंच जजला बघायचं असतं. ते वर आण."

नवा अर्ज एका पानाचा झाला. येत्या शनिवारी मुक्काम आहे, मागच्या मुक्कामात हे घडलं, पुढची तारीख शनिवारनंतर आहे, म्हणून आजच सुनावणी घ्यावी. मागणीही बेताचीच ठेवली: समोरच्यांचा 'से', म्हणजे लेखी उत्तर, येईपर्यंत मुक्काम थांबवावा, भेट कोर्टातल्या मुलांच्या खोलीत व्हावी, समुपदेशकांनी मुलाशी बोलावं. भेटच बंद करा म्हणालात, तर सूड उगवताय असं वाटतं.

दुसऱ्या दिवशी कोर्ट बसताच, बोर्ड सुरू होण्याआधी, मीच उभी राहिले. १९८४ च्या फॅमिली कोर्ट कायद्यात वकील लावणं हा पक्षकाराचा हक्क नाही, त्याला कोर्टाची परवानगी लागते. त्यामुळे पक्षकारानं स्वतः बोलण्यात तिथं कुणाला नवल वाटत नाही. मॅडमनी विचारलं, "पुढची भेट कधी?" मी म्हटलं, शनिवारी. "समोरच्यांना कळवलंय?" पोच पुढे केली. काही मिनिटांत मुक्काम थांबवल्याचा आदेश झाला. टेबलानं आदल्या दिवशी हेच सांगितलं असतं तर?

आदेश होईपर्यंत मनानेच मुलाला अडवून ठेवणं अंगाशी येऊ शकतं; चालू आदेश मोडला, हा ठपका तुमच्यावर बसतो. पण जिवावरचा प्रसंग असेल तर कोर्टाची वाट बघू नका, ११२ ला फोन करा. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर थेट पोलीस किंवा मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८; २०१२ च्या पोक्सो कायद्यानं ते कळवणं बंधनकारकच आहे.

राहिलंच. दावा १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली असेल तर अंतरिम संरक्षणासाठी कलम १२ आहे. कौटुंबिक हिंसाचाराची केस मॅजिस्ट्रेटकडे असेल तर २००५ च्या कायद्याचं कलम २१ बघा, ते मुलाच्या तात्पुरत्या ताब्याचं आहे. भेट मुलाला घातक वाटली तर मॅजिस्ट्रेट ती नाकारू शकतात. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बायकांना तिथं उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला मागितला तर हे ठणकावून सांगा.

आणि आदेश झाला त्याच दिवशी नकलेसाठी अर्ज टाका. शाळेच्या गेटवर "कोर्टानं सांगितलंय" याला कुणी विचारत नाही, शिक्क्याची नक्कल लागते. नकलेचं टेबल वेगळं असतं. तिथल्या बाई चांगल्या होत्या.